पुढच्या दहा वर्षांत आपली मंडळी कशी असावी? (चर्चेचा धागा)

वेलीचा फाटा

प्रभूमध्ये सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कमिटीने पुढच्या दहा वर्षांचा दर्शनलेख (मंडळीने कसं असावं आणि काय करावं हे सांगणारा लेख) लिहायचं ठरवलं आहे. मसुद्याचं काम आम्हा चारपाच जणांकडे आलं. पहिला मसुदा तयारही झाला: सभासदसंख्या दुप्पट, सभागृहाचा विस्तार, उपासनेचं थेट प्रक्षेपण, तरुणांसाठी वेगळी सभा, समाजसेवेचे उपक्रम. यातल्या एकाही गोष्टीला माझा विरोध नाही. पण वाचून झाल्यावर मनात आलं, वरचं नाव खोडून दुसऱ्या कुठल्याही मंडळीचं नाव घातलं तर खाली एक शब्द तरी बदलावा लागेल का? नाही लागणार. म्हणजे हा लेख आमच्याविषयी नाहीच.

म्हणून मी पुन्हा बायबलमधल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायांकडे गेलो. सात मंडळ्यांना सात पत्रं. सगळ्या एकाच रोमी प्रांतातल्या, तरी एकीचं पत्र दुसरीला लागू पडत नाही. इफिसची मंडळी कष्टाळू, शिकवणुकीत काटेकोर, खोट्या प्रेषितांना पारखणारी. पण तिची पहिली प्रीती सुटली आहे. सार्दीसची ख्याती जिवंत मंडळी म्हणून, आणि ती मेलेली आहे. लावदिकीया श्रीमंत, तिला कशाचीच उणीव भासत नाही. आणि ज्या दोघींना एकही दोष लावलेला नाही त्या कोण? गरिबीत आणि छळात असलेली स्मुर्णा, आणि जिची शक्ती थोडी आहे असं प्रभू स्वतः म्हणतो ती फिलदेल्फिया. आमच्या मसुद्यातली मापं लावली असती तर सार्दीस आणि लावदिकीया पहिल्या आल्या असत्या, आणि या दोघींसाठी 'पुनरुज्जीवन समिती' नेमली गेली असती.

तर तुमच्याकडून मला हे हवं आहे. तुमच्या मंडळीत असा लेख लिहिला गेला असेल तर सुरुवात कुठून केलीत? कोणाला विचारलंत? आणि त्या लेखामुळे काही बंद केलंत का? शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या दर्शनामुळे कशालाच नकार देता येत नाही, ते दिशा कशी देणार?

कोषपाल

वेलीचा फाटा, तुमचं म्हणणं पटतं, पण आकड्यांना इतक्या पटकन बाजूला सारू नका. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्या मंडळीत आलेली माणसं तीन हजार म्हटली आहेत, पुढे पुरुषांचीच संख्या पाच हजारांच्या आसपास दिली आहे. कोणीतरी मोजलं होतं. शंभर मेंढरांतलं एक हरवलं आहे हे मोजणाऱ्यालाच कळतं. आमच्या नोंदवहीत बरीच नावं अशी आहेत की ती माणसं कधी येईनाशी झाली हे कोणाला सांगता येत नाही. हे आकड्यांचं वेड नव्हे, उलट आपण पुरेसं मोजत नाही. वाढ दाखवायला मोजणं वेगळं आणि हरवलेला शोधायला मोजणं वेगळं.

दुसरं म्हणजे, दर्शन लिहिण्याआधी मागच्या पाच वर्षांचे हिशोब उघडा. आपली मंडळी कशावर विश्वास ठेवते ते तिथे आधीच लिहिलेलं आहे. मानधन, वीज, दुरुस्ती, सणांचे कार्यक्रम, हे सगळं वजा केल्यावर चार भिंतींच्या बाहेरच्या माणसासाठी किती उरलं? तो आकडा वार्षिक सभेत मोठ्याने वाचून दाखवा. आमच्याकडे तो वाचला गेला तेव्हा पुढची चर्चा आपोआप प्रामाणिक झाली.

पैशाच्या प्रश्नातून आत्मिक काम उभं राहू शकतं, याचा माझा आवडता दाखला मेथडिस्ट चळवळीतला आहे. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये या चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली आणि त्यांचे सहकारी सभागृहाचं कर्ज कसं फेडायचं याचा विचार करत होते. एकाने सुचवलं, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, गरिबांना तेही जमणार नाही. तेव्हा सुचवणारा म्हणाला, सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी त्यांच्याकडे दर आठवड्याला जाईन, आणि ज्याला देता येणार नाही त्याचे मी भरीन. इतरांनीही तसंच केलं. पेनी गोळा करायला घरोघरी गेलेल्यांना कळलं की कोण आजारी आहे, कोणाच्या घरात भांडण आहे, कोण विश्वासातून घसरतो आहे. वेस्लींना कर्जफेडीपेक्षा हे मोलाचं वाटलं, आणि त्यातूनच मेथडिस्टांचे ते बारा-बारा जणांचे वर्ग उभे राहिले. दर आठवड्याला कोणीतरी तुमच्या दाराशी येऊन 'तुमचा आत्मा कसा आहे' असं विचारणं, याहून मोठं दर्शन कुठल्या मंडळीला हवं?

शिंपणारी

कोषपालदादा, शेवटच्या वाक्याला आमेन.

मी आधी 'कोणाला विचारलंत' याचं उत्तर देते. तट पुन्हा बांधायला निघालेला बायबलमधला नहेम्या यरुशलेमेला पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी सभा भरवत नाही. रात्री थोड्या माणसांना घेऊन निघतो, पडलेला तट आणि जळालेल्या वेशी स्वतः पाहतो. एके ठिकाणी तर जनावराला पुढे जायला वाट नाही एवढा ढिगारा आहे. याजकांना, सरदारांना, अधिकाऱ्यांना त्याने तोवर काही सांगितलेलं नाही. आधी पाहणं, मग बोलणं. आणि त्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात काय दिसतं? कितीतरी जण आपापल्या घरासमोरचा तट बांधतात. सोनार आहेत, गंधी आहेत, एक जण आपल्या मुलींसह काम करतो आहे. तकोवा गावच्या सरदारांनी मात्र या कामापुढे मान लववली नाही, हेही लिहून ठेवलं आहे.

आम्ही आमच्या मंडळीत लेख लिहिण्याआधी फक्त भेटी घेतल्या. ठरवलं की कमिटीतल्या लोकांनी एकमेकांना विचारायचं नाही, कारण आमची मतं आम्हाला ठाऊक होती. जे येत नाहीत त्यांच्याकडे गेलो. जे दुसरीकडे जाऊ लागले त्यांच्याकडे गेलो. चर्चच्या शेजारी राहणाऱ्या, ख्रिस्ती नसलेल्या घरांतही गेलो आणि विचारलं, 'आम्ही उद्या इथून निघून गेलो तर तुम्हाला काय कमी पडेल?' बहुतेकांनी नम्रपणे सांगितलं की गाणी ऐकू येतात, ती छान असतात. त्यापलीकडे त्यांना काही सांगता आलं नाही. ते ऐकून फार वाईट वाटलं. पण दर्शनाची सुरुवात तिथून झाली.

प्रेषितांची कृत्ये ६ पुन्हा वाचा, अशी सर्वांना विनंती. मंडळी वाढते आहे आणि त्याच वाक्यात कुरकुर सुरू होते: ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत हेळसांड होते. प्रेषित त्या तक्रारीला फितुरी म्हणत नाहीत. सात जण निवडले जातात आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्या गटाची तक्रार होती, बहुधा त्याच गटाच्या हाती सगळ्यांच्या अन्नाची वाटणी गेली! आपल्याकडे एखाद्या कोपऱ्यातून तक्रार आली की आपण समजूत काढायला माणूस पाठवतो. तिथे अधिकार पाठवला गेला.

स्पष्ट बोलणारा

मला हा सगळा खटाटोपच अनावश्यक वाटतो. प्रभूने महान आज्ञा दिली आहे, शिष्य करा, बाप्तिस्मा द्या, शिकवा. यापुढे मंडळीला दर्शनलेख कशाला हवा? हे कंपन्यांचं लोण आहे. मंडळी वचन सोडून भिंतीवरच्या फलकाकडे बघायला लागते.

वेलीचा फाटा

भाऊ, तुमची काळजी खरी आहे. जर्मन पाळक डीट्रिख बोन्हॉफर यांनी हीच गोष्ट फार कडक शब्दांत सांगितली होती. ते फिंकेनवाल्डे इथे पाळकांचं गुप्त प्रशिक्षण चालवत होते, १९३७ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ते बंद पाडलं. तिथल्या सहजीवनावर लिहिताना ते म्हणतात की जो माणूस प्रत्यक्ष मंडळीपेक्षा मंडळीविषयीच्या आपल्या स्वप्नावर जास्त प्रेम करतो, तो ती मंडळी मोडतो, हेतू कितीही चांगला असो. कारण मग तो देवाकडे, भावांकडे आणि शेवटी स्वतःकडे तक्रारदार म्हणून पाहू लागतो. हे वाक्य मी मसुदा समितीच्या पहिल्याच बैठकीत वाचून दाखवणार आहे.

पण महान आज्ञा सगळ्या मंडळ्यांना एकच असूनही सात पत्रं सात का, हा माझा प्रश्न उरतोच. आज्ञा सर्वांची आहे, पण ती कुठल्या गल्लीत, कुठल्या माणसांसह, कुठल्या जखमा घेऊन पाळायची, हे प्रत्येक मंडळीला गुडघ्यावर बसूनच शोधावं लागतं. हबक्कूक संदेष्ट्याला 'दृष्टांत पाट्यांवर लिही' असं सांगितलं जातं, ते वचन आपण फलकांवर हौसेने लिहितो. पण त्याच्या आधीचं वचन वाचा: तो आपली तक्रार देवापुढे मांडून बुरुजावर उत्तराची वाट पाहत उभा आहे. आणि नंतरचं वचन सांगतं, विलंब लागला तरी वाट पाहा. पाटी या दोन वाट पाहण्यांच्या मध्ये येते.

मागच्या बाकावरून

मी कॉलेजात आहे, संडे स्कूलमध्ये शिकवते. थोडं मनातलं लिहिते.

'तरुण हे मंडळीचं भविष्य आहेत' हे वाक्य कृपा करून कुठल्याच दर्शनलेखात घालू नका. माझाही बाप्तिस्मा झाला आहे, मीही प्रभुभोजन घेते. मग मी आज काय आहे? आम्हाला वेगळी सभा दिली जाते, रंगीत दिवे दिले जातात, खुर्च्या हलवायला बोलावलं जातं. कमिटीच्या बैठकीत मात्र आमच्याविषयी बोलणारे सगळे पन्नाशीच्या पुढचे असतात. पौल तीमथ्याला सांगतो की तुझ्या तारुण्यामुळे कोणी तुला तुच्छ मानू नये, आणि ज्याला सांगतो तो मंडळीची जबाबदारी सांभाळणारा माणूस आहे.

आम्हाला करमणूक नको आहे. प्रश्न विचारायला जागा हवी आहे. प्रार्थना करूनही माझा मित्र का गेला, विज्ञान शिकताना उत्पत्तीचा पहिला अध्याय कसा वाचायचा, दुसऱ्या धर्मातल्या जिवलग मैत्रिणीविषयी मी काय मानायचं? हे विचारलं की 'विश्वास ठेव' एवढंच उत्तर मिळतं, आणि मग माणूस विचारणं थांबवतो, नंतर येणंही थांबवतो. दहा वर्षांच्या आराखड्यात मला एवढंच हवं आहे की उत्तर ठाऊक नसलेला एखादा वडीलधारा माझ्याबरोबर बसून शोधायला तयार असावा.

आणि संडे स्कूलविषयी. रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये ग्लॉस्टर शहरात रविवारची शाळा सुरू केली ती कामावर जाणाऱ्या गरीब मुलांसाठी. आठवडाभर राबणाऱ्या त्या मुलांना रविवारीच सवड होती, म्हणून तेव्हा अक्षर शिकवायचं, वाचायला बायबल. रेक्स यांच्याआधीही अशा शाळा होत्या म्हणतात, पण चळवळ पसरली ती त्यांच्यापासून. ही शाळा बाहेरच्या मुलांसाठी होती! आज आपल्या वर्गात आपलीच मुलं आहेत आणि तीही कमी झाली म्हणून आपण रडतो. चर्चच्या आवारापलीकडे शिकवणीची गरज असलेली मुलं दिसत नाहीत का आपल्याला?

ऑर्गनवादक

लेकरा, तुझा प्रतिसाद वाचला. आमच्या मंडळीत सध्या फक्त जुनी गीतं की नवी गीतं एवढाच वाद चालू आहे, त्यामुळे या प्रश्नांपर्यंत आम्ही पोहोचतच नाही. तो वाद आधी मिटवून घेतो.

जुनं गीतपुस्तक

तरुणांचं ऐकून आनंद वाटला. आता म्हाताऱ्यांची बाजू.

दर्शनलेखांत आम्ही नसतो, किंवा 'ज्येष्ठांसाठी उपक्रम' या ओळीत असतो. योएलाच्या भविष्यवाणीत, आणि पेत्राने पन्नासाव्या दिवशी ती पुन्हा सांगितली तेव्हाही, तरुणांना दृष्टांत होतील आणि वृद्धांना स्वप्नं पडतील असं आहे. दोघं एकाच वाक्यात आहेत. मंदिरात बाळ येशूला ओळखणारी दोन माणसं कोण होती? शिमोन आणि चौऱ्याऐंशी वर्षांची हन्ना. साऱ्या गर्दीत भविष्य ओळखलं ते त्यांनी.

मला दर रविवारी येता येत नाही. मोबाईलवर उपासना दिसते, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. पण प्रक्षेपण सुरू झाल्यापासून घरी येणारी माणसं कमी झाली. 'आजी घरून बघतात' म्हणून सगळे निश्चिंत आहेत. प्रभुभोजन पडद्यातून हातात येत नाही, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून कोणी प्रार्थना करत नाही. दर्शनलेखात थेट प्रक्षेपण लिहाल तर त्याच ओळीत हेही लिहा की पाहणाऱ्या प्रत्येक घरी महिन्यातून एकदा कोण जाईल.

मेंढपाळ

मी पाळक आहे, म्हणून थोडं जपून लिहितो.

अनेकदा मंडळीचं दर्शन म्हणजे त्या वेळच्या पाळकाचं दर्शन असतं. बदली होते, नवा पाळक येतो, जुना फलक उतरतो, नवा चढतो. मंडळी हे सगळं सोसत राहते. मोशेचा सासरा इथ्रो याने मोशेला पाहिलं तेव्हा लोक न्यायनिवाड्यासाठी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्यासमोर उभे होते. इथ्रो म्हणाला, हे चांगलं नाही, तूही थकशील आणि लोकही थकतील. ते दुसरं अर्धं आपण विसरतो. सगळं एका माणसाकडे असलं की लोकही झिजतात. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पाळक आणि शिक्षक कशासाठी दिले आहेत? पवित्र जनांना सेवेसाठी सिद्ध करायला. सेवा करायची ती सगळ्यांनी.

आकाराचाही विचार करा. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चचे आर्लिन रॉथॉज यांनी १९८० च्या दशकात मंडळ्यांची ढोबळ वर्गवारी मांडली, ती मला आजही उपयोगी वाटते. पन्नासेक माणसांपर्यंतची मंडळी एका कुटुंबासारखी चालते, तिथे दोन-चार घरांतले वडीलधारे ठरवतात. पन्नास ते दीडशेच्या मंडळीत सगळं पाळकाभोवती फिरतं, सगळ्यांना पाळक ओळखतो. दीडशेच्या पुढे ते शक्य नसतं, मग गट आणि उपक्रम यांतून माणसं जोडली जातात, आणि त्याहून मोठ्या मंडळीची रीत आणखी निराळी. 'संख्या दुप्पट' असं लिहिणाऱ्या शंभरेकांच्या मंडळीने हे समजून घ्यावं की दोनशेवर गेल्यावर पाळक प्रत्येक वाढदिवसाला घरी येणार नाही. ते चालेल का, हे आधी विचारा. बहुतेकांना वाढ हवी असते आणि पाळकही पूर्वीसारखाच हवा असतो. त्या ओढाताणीत मी माझे काही चांगले सहकारी मोडलेले पाहिले आहेत.

छोटी मंडळी म्हणजे अपुरी मंडळी, हा समज मात्र दर्शनलेखातून काढून टाका. बिशप लेस्ली न्यूबिगिन यांनी आयुष्याचा मोठा काळ दक्षिण भारतात घालवला, आणि ब्रिटनला परतल्यावर उतारवयात बर्मिंगहॅममधल्या तुरुंगासमोरच्या एका छोट्या मंडळीचं पाळकपण स्वीकारलं. सुवार्ता खरी आहे हे लोकांना कशाने पटेल, याचं उत्तर ते असं देत: ती मानणाऱ्या आणि तिच्याप्रमाणे जगणाऱ्या माणसांच्या मंडळीने.

कोषपाल

पास्टर, धन्यवाद. सभागृहाच्या विस्ताराविषयी कोणी बोललं नाही, म्हणून विचारतो. आमच्याकडेही तो विषय आहे आणि माणसं खरोखर बाहेर उभी राहतात.

शिंपणारी

दादा, बाहेर उभी राहत असतील तर बांधा. देवाची लेकरं उन्हात का उभी राहावीत? फक्त एक पाहा: आत्ताचं सभागृह आठवड्यातले किती दिवस कुलपात असतं? सिरियात दुरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकातलं एक ख्रिस्ती उपासनाघर सापडलं आहे. ते मुळात राहतं घर होतं. दोन खोल्यांमधली भिंत काढून सभेची जागा केली, एका खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड बांधलं, भिंतीवर मेंढपाळाचं चित्र काढलं. गरज पडली तेवढी भिंत काढली. आपणही कामापुरतं बांधावं, आणि बांधलेलं रोज उघडं ठेवावं.

स्पष्ट बोलणारा

मी वर विरोध केला होता. विरोध अजून पूर्ण गेलेला नाही, पण एक भर घालतो. जर्मनीतल्या हर्नहूट वस्तीची गोष्ट आठवा. झिन्झेनडॉर्फ या सरदाराच्या जमिनीवर १७२२ पासून मोरेव्हियातले निर्वासित येऊन राहिले, आणि काही वर्षांतच शिकवणुकीवरून आणि मानापमानावरून इतके भांडले की वस्ती मोडायची वेळ आली. १७२७ च्या मे महिन्यात त्यांनी एकत्र राहण्याचा करार केला. ऑगस्टमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी मनं जुळली, आणि त्याच महिन्यात चोवीस तासांची प्रार्थनासाखळी सुरू झाली, ती शंभराहून अधिक वर्षं चालली. १७३२ मध्ये तिथून पहिले दोन मिशनरी वेस्ट इंडीजमधल्या गुलामांकडे गेले. त्या करारात मिशनकार्याची योजना नव्हती. एकमेकांशी कसं वागायचं एवढंच होतं. तुमच्या मंडळीत जी दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांच्यापासून सुरुवात करा. मग दर्शन लिहा, मी सही करीन.

वेलीचा फाटा

भाऊ, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. अशी घरं आमच्याकडे आहेत आणि ती कोणती हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मसुद्याचा पहिला परिच्छेद नव्याने लिहिला आहे. कमिटीपुढे जाण्याआधी इथे ठेवतो:

'आम्ही एक मध्यम आकाराची, थकलेली आणि प्रभूने अजून न सोडलेली मंडळी आहोत. आमच्यात समेट व्हायचे आहेत. ते पुढे ढकलून आम्ही काहीही नवं सुरू करणार नाही. आमच्या नोंदवहीतल्या प्रत्येक नावाकडे कोणीतरी जाईल, आणि ते काम एकट्या पाळकाचं नसेल. आमच्या शेजाऱ्यांपैकी ज्यांच्या मुलांना अभ्यासात मदत हवी आहे, त्यांच्यासाठी सभागृह आठवड्याच्या दिवसांत उघडं राहील. कमिटीत तीन जागा तिशीच्या आतल्या सभासदांच्या असतील आणि त्यांच्या मताचं मोल इतरांइतकंच असेल. यासाठी वेळ आणि पैसा लागेल, म्हणून वार्षिक मेळाव्याचा मोठा कार्यक्रम आम्ही दोन वर्षं थांबवत आहोत.'

शेवटच्या वाक्यावरून वादळ होणार आहे. मेळाव्यात अनेकांचा जीव गुंतला आहे, माझ्या घरच्यांचाही.

मागच्या बाकावरून

तीन जागा वाचून छान वाटलं. एक विचारू? 'शेजाऱ्यांच्या मुलांसाठी' लिहिलं आहे, पण त्यांच्या आईवडिलांना अजून कोणी विचारलेलं नाही ना? त्यांना शिकवणी हवी आहे की दुसरंच काही?

जुनं गीतपुस्तक

'थकलेली' हा शब्द कमिटी काढायला लावेल. काढू देऊ नका.

कोषपाल

मेळाव्याचा गेल्या तीन वर्षांचा खर्च आणि त्याच वर्षांतला आजारी सभासदांच्या मदतनिधीचा खर्च, हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून मगच ते वाक्य वाचा. आणि वर्षभरानंतर हा परिच्छेद हातात घेऊन 'यातलं काय झालं' असं विचारायला कमिटीबाहेरच्या दोघांना आत्ताच नेमा. पौलानेही यरुशलेमेच्या गरिबांसाठीचं दान नेताना मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली होती, कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून.

वेलीचा फाटा

दोघांची नावं सुचली आहेत. त्यातल्या एक ताई गेली काही वर्षं चर्चला येत नाहीत. या रविवारी उपासनेनंतर त्यांच्याकडे जातो आहे. शेजारच्या घरांत जाण्यासाठी संडे स्कूलच्या शिक्षकांना विचारलं आहे. ते तयार झाले तर कमिटीची बैठक आठवडाभर पुढे ढकलायला सांगेन. त्या भेटींतून जे कळेल ते इथे लिहितो.